मॉल ऑफ अमेरिका: शनिवार-रविवारची सहल कशी आखावी

अमेरिकेच्या मिडवेस्ट भागात नव्याने राहायला आलेल्या मराठी घरात पहिल्या वर्षभरात हा बेत एकदा तरी निघतोच. गाव डे मॉइन असो, मॅडिसन असो, फार्गो असो की ओमाहा. भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलं घरात बसून वैतागलेली असतात, बाहेर बर्फ असतो आणि ऊब असलेली, मोकळं फिरता येईल अशी जागा हवी असते. मिनेसोटा राज्यातल्या ब्लूमिंग्टनमधला मॉल ऑफ अमेरिका त्यासाठी उत्तम आहे. पण तिथे 'जाऊ आणि बघू' म्हणून गेलेली कुटुंबं दुपारी चारपर्यंत थकून, एकमेकांवर चिडून बाकावर बसलेली दिसतात. थोडी आखणी केली की तीच सहल फार छान होते.

सगळ्यात आधी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: एकत्र जा, पण मॉलमध्ये एकत्र फिरू नका. आपल्याला ही सवय नाही. सहलीला गेलो की सगळ्यांनी मिळून सगळं बघायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. पण चार मजले आणि पाचशेहून जास्त दुकानं असलेल्या जागी सत्तरीच्या आजोबांचा वेग, चार वर्षांच्या नातीचा वेग आणि बुटांच्या दुकानात रमलेल्या कॉलेजकुमाराचा वेग जुळणं शक्य नाही. सगळे एकत्र राहिले की प्रत्येकाला दुसऱ्या कुणासाठी तरी ताटकळावं लागतं. तेव्हा दोन-तीन जोड्या करा, भेटायच्या वेळा ठरवा आणि जेवायला एकत्र या. पुढची सगळी आखणी या एका निर्णयाभोवती आहे.

कधी जावं

जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ. नाताळची गर्दी ओसरलेली असते, हिवाळी कपड्यांवर सवलती लागलेल्या असतात आणि बाहेरच्या थंडीमुळे मॉलची खरी किंमत कळते. नोव्हेंबरच्या शेवटापासून नाताळपर्यंतचे शनिवार-रविवार शक्यतो टाळा. सजावट बघायची हौस असेल तर गुरुवार-शुक्रवारची रजा काढून जा. थँक्सगिव्हिंगचा दिवस आणि नाताळ, या दोन दिवशी मॉल बंद असतो.

बाहेरून येणाऱ्यांना हमखास माहीत नसलेली एक तारीख आहे. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मिनेसोटातल्या शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते. शिक्षकांच्या संघटनेच्या अधिवेशनामुळे पडलेली ही जुनी प्रथा. स्थानिक लोक तिला 'एमईए वीकेंड' म्हणतात. त्या चार दिवसांत राज्यातली निम्मी मुलं मॉलमध्येच आहेत असं वाटतं. मार्चमधल्या स्प्रिंग ब्रेकचंही तेच.

रविवारी दुकानं उशिरा उघडतात आणि लवकर बंद होतात. म्हणून मुख्य भर शनिवारी ठेवा. नेमक्या वेळा निघायच्या आदल्या दिवशी मॉलच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, कारण त्या हंगामानुसार बदलतात.

कसं पोचायचं

डे मॉइनहून आय-३५ हा महामार्ग धरून सरळ उत्तरेला साडेतीन तास. फार्गोहूनही साधारण तेवढेच, फक्त आय-९४ने. मॅडिसनहून सव्वाचार तास, ओमाहाहून साडेपाच आणि शिकागोहून सहा-साडेसहा. शिकागोकरांना आता रेल्वेचाही चांगला पर्याय आहे: मे २०२४ पासून अ‍ॅमट्रॅकची 'बोरिआलिस' गाडी रोज सेंट पॉलपर्यंत येते. साडेसात तासांच्या आसपास लागतात, पण मिसिसिपीच्या काठाकाठाने जाणारा रस्ता खिडकीतून बघत बाबा खूश होतात आणि बर्फात गाडी हाकायचा ताण नाही. सेंट पॉल शहरातून मॉलसाठी ५४ क्रमांकाची बस आहे.

विमानाने येणाऱ्यांचं तर फारच सोपं. मिनियापोलिस-सेंट पॉल विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलवर 'ब्लू लाइन' ही लाइट रेल थांबते आणि तिचं शेवटचं स्थानक मॉलच्या पूर्व बाजूलाच आहे. विमानतळावरून पंधरा मिनिटांच्या आत मॉल. प्रौढांचं तिकीट २ डॉलर. तिकीट फलाटावरच्या यंत्रातून गाडीत चढण्याआधी काढायचं असतं. आत कुणी देत नाही, पण तपासनीस येतात.

गाडीने येणार असाल तर पार्किंग फुकट आहे. पूर्वेला आणि पश्चिमेला असे दोन मोठे बहुमजली रॅम्प आहेत. गाडी लावल्यावर जवळच्या खांबावरच्या पाटीचा फोटो काढा आणि तो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका. फक्त स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका, कारण गाडी शोधायची वेळ येते तेव्हा नेमका तोच फोन बंद पडलेला असतो. रात्रभर गाडी रॅम्पमध्ये ठेवता येत नाही, तेव्हा 'गाडी इथेच ठेवून शटलने हॉटेलवर जाऊ' असा हिशेब करू नका.

हिवाळ्यात निघताना आयोवा आणि मिनेसोटा या दोन्ही राज्यांची '५११' ही रस्त्यांची माहिती देणारी सेवा पाहा. आय-३५ वर वाऱ्याने उडणारा भुरभुर बर्फ फार फसवा असतो. आकाश निळं आणि रस्ता पांढरा, अशी स्थिती होते. गाडीत फावडं, दोन जाड पांघरुणं, पाणी, फोनचा चार्जर आणि न गोठणारं काच धुण्याचं द्रव असू द्या. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या आणि वादळाचा इशारा असेल तर सरळ पुढच्या आठवड्यावर टाका. मॉल कुठे पळून जात नाही.

राहायचं कुठे

मॉलला आतून जोडलेली दोन हॉटेलं आहेत, दक्षिणेला रॅडिसन ब्लू आणि उत्तरेला जेडब्ल्यू मॅरिअट. महाग आहेत, पण एका गोष्टीसाठी विचार करा: सोबत गुडघेदुखी असलेले आई-बाबा किंवा दुपारी झोपणारं बाळ असेल तर पाच मिनिटांत खोलीवर परत जाता येणं ही मोठी सोय आहे.

बाकीच्यांसाठी अमेरिकन बुलेव्हार्ड आणि आसपास खूप हॉटेलं आहेत. त्यांत तीन गोष्टी पाहा: मॉलपर्यंत फुकट शटल, सकाळचा नाश्ता आणि खोलीत मायक्रोवेव्ह व फ्रिज. शटल शेवटची कधी आणि जागा आधी सांगून ठेवावी लागते का, हे चेक-इन करतानाच विचारा. चौघांपेक्षा जास्त माणसं असतील तर सुरुवातीलाच तसं सांगून दोन खोल्या घ्या.

शक्य असेल तर शुक्रवारी रात्रीच पोचा. शनिवारी पहाटे उठून चार तास गाडी चालवून आलेला माणूस दुपारनंतर कामाचा राहत नाही.

कोटाचं काय करायचं

नवख्यांचा विचार इथपर्यंत पोचतच नाही. जानेवारीत ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल परिसरात, पारा उणे २० सेल्सियसखाली जाणं नवलाचं नाही. म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर जाड कोट, टोपी, हातमोजे, मफलर आणि बर्फाचे बूट. आत मात्र वर्षभर साधारण २१ अंश. गंमत अशी की मॉलच्या मोकळ्या भागात, प्रवेशद्वारं सोडली तर, हीटिंगच नाही. छतावरच्या काचांमधून येणारं ऊन, दिव्यांची उष्णता आणि हजारो माणसांच्या अंगाची ऊब यांवर तो गरम राहतो.

त्यामुळे पाच माणसांचे पाच कोट हातात घेऊन फिरायची वेळ येते. प्रवेशद्वारांजवळ भाड्याने लॉकर मिळतात. दोन मोठ्या लॉकरमध्ये सगळ्यांचे कोट मावतात. पैसे वाचवण्यासाठी कोट गाडीत ठेवून धावत आत जाणारे बरेच असतात, पण लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर तसं करू नका. आत घालायला साधा सुती सदरा आणि वर काढता येईल असा एक स्वेटर पुरे. थर्मल घालून आलात तर तासाभरात घामाघूम व्हाल. बर्फाचे जड बूट लॉकरमध्ये टाका आणि चालायचे हलके बूट पिशवीतून आणा. आईने साडी नेसली असेल तरी पायात चपला नकोत, मोजे आणि बूटच हवेत. ही एक गोष्ट पाळली तरी संध्याकाळचे पाय वेगळे असतात.

नकाशा डोक्यात बसवा

हा मॉल गोंधळात टाकणारा वाटतो, पण रचना अगदी साधी आहे. मोठा चौकोन, चारी बाजूंना उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चार वाटा आणि मधोमध सात एकरांचं छपराखालचं करमणूक-उद्यान, निकलोडियन युनिव्हर्स. कुठेही हरवलात तरी उद्यानाच्या कठड्याशी या, दिशा लागते.

दुकानांच्या क्रमांकात पत्ता लपलेला असतो. पहिलं अक्षर म्हणजे बाजू आणि पुढचा पहिला आकडा म्हणजे मजला. क्रमांक 'एन ३'ने सुरू झाला तर उत्तर बाजू, तिसरा मजला. 'डब्ल्यू १' असेल तर पश्चिम, पहिला. ही खूण घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, निघण्याआधी समजावून सांगा. सोबत हेही सांगा की इथला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. यावरून हमखास घोळ होतो: बाबा 'पहिल्या मजल्यावर उभा आहे' म्हणतात आणि प्रत्यक्षात एक जिना चढून दुसऱ्यावर असतात.

मॉलमध्ये फुकट वायफाय आहे, त्यामुळे भारतातलं सिम असलेल्या फोनवरही व्हॉट्सअ‍ॅप चालतं. इमारतीच्या आत 'लाइव्ह लोकेशन'वर विसंबू नका, ते भलतीकडे दाखवतं. त्यापेक्षा समोरच्या दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवायला सांगा. शिवाय प्रत्येक वयस्कर माणसाच्या आणि मुलाच्या खिशात एक चिठ्ठी असू द्या: दोन फोन नंबर, हॉटेलचं नाव आणि आपण आत आलो ते दार.

भेटायची जागा एकच ठेवा आणि दोन दिवस बदलू नका. पहिल्या मजल्यावरच्या लेगोच्या दुकानाबाहेर विटांच्या भल्यामोठ्या आकृत्या आहेत, त्या लांबूनही दिसतात. ती जागा मला सर्वांत सोयीची वाटते. ब्लू लाइनने येणाऱ्यांना पूर्वेचा रोटुंडा, म्हणजे उंच छताचा गोल चौक, जवळ पडतो.

शनिवार सकाळ: दुकानं उघडण्याआधी

भारतातून नुकतेच आलेले आई-बाबा पहाटे तीनलाच जागे होतात. त्याचा फायदा घ्या. मॉलची दारं चालायला येणाऱ्यांसाठी सकाळी सातपासून उघडी असतात. दुकानं बंद असतात, गर्दी नसते आणि शहरातली निवृत्त मंडळी जोडीजोडीने फेऱ्या मारत असतात. एका मजल्यावरची एक फेरी ०.५७ मैलांची, म्हणजे सुमारे नऊशे मीटर. दोन मजल्यांवर एकेक फेरी झाली की बाबांचा सकाळचा फिरण्याचा नेम पूर्ण होतो आणि तोवर सगळा मॉल नजरेखालून गेलेला असतो. कॉफी घेऊन बसायला जागा मिळते. मला विचाराल तर हा दोन दिवसांतला सर्वांत सुंदर तास आहे.

या फेरीत बाबांना एक जागा जरूर दाखवा. मॉलच्या जागी पूर्वी मेट्रोपॉलिटन स्टेडियम होतं. मिनेसोटा ट्विन्स हा बेसबॉलचा संघ आणि व्हायकिंग्ज हा फुटबॉलचा संघ १९८१ पर्यंत तिथे खेळायचे. पुढे ते पाडलं गेलं, १९८९ मध्ये मॉलचं काम सुरू झालं आणि ११ ऑगस्ट १९९२ ला तो उघडला. स्टेडियममध्ये फलंदाज जिथे उभा राहायचा, त्या होम प्लेटच्या जागी उद्यानाच्या वायव्य कोपऱ्यात जमिनीत एक पाटी बसवली आहे. तिथे उभं राहून समोर पलीकडच्या भिंतीकडे वर बघितलं की उंचावर एक लाल खुर्ची दिसते. ३ जून १९६७ रोजी ट्विन्सचा फलंदाज हार्मन किलेब्रू याने मारलेला चेंडू ज्या खुर्चीपर्यंत गेला, तिच्या जागेची ती खूण. अंतर ५२० फूट. क्रिकेटच्या हिशेबाने १५८ मीटरचा षटकार! बेसबॉलचं काहीही न कळणारे आजोबासुद्धा ते अंतर नजरेने मोजत उभे राहतात. उद्यान खुलं असतं तेव्हा इथे यायला पैसे पडत नाहीत. पैसे फक्त पाळण्यांचे.

दुकानं उघडल्यावर पहिला दीड-दोन तास काहीही विकत घेऊ नका. नुसतं बघा, आवडलेल्या वस्तूचा आणि दुकानाच्या क्रमांकाचा फोटो काढा. खरेदी दुपारनंतर किंवा रविवारी. सकाळी घेतलेली पिशवी दिवसभर हातात राहते, आणि दुपारी त्याहून चांगली वस्तू दिसते ती वेगळीच.

मुलांचा वेळ

निकलोडियन युनिव्हर्सला शनिवारी सकाळीच उरकून घ्या. उघडल्यापासून एक वाजेपर्यंत रांगा त्यातल्या त्यात कमी असतात, नंतर वाढत जातात. पाळण्यांसाठी दिवसभराचा मनगटी पट्टा मिळतो किंवा मोजके पाळणे घेता येतात. मूल तीन-चार तास खेळणार असेल तरच पट्टा घ्या. आधी उंची मोजून घ्या, कारण कुठल्या पाळण्यात बसायचं हे वयावर नसून उंचीवर ठरतं, आणि पट्टा बांधल्यावर 'तू बसू शकत नाहीस' हे ऐकणं पाच वर्षांच्या मुलाला फार लागतं. लहान मुलासोबत मोठ्या माणसाला बसावं लागणारे पाळणे कोणते आणि त्याचं तिकीट लागतं का, हे खिडकीवरच विचारा. लाकडाच्या ओंडक्यातून पाण्यात घसरत येणारा 'लॉग शूट' मॉल उघडल्यापासूनचा आहे. थोडं भिजायला होतं, तेव्हा बदलायचा एक सदरा जवळ ठेवा. भिजल्या कपड्यांनिशी उणे वीसमध्ये बाहेर पडायचं नाही.

नातवंडांना पाळण्यांत बसवून आजी-आजोबा खाली थांबले असतील तर त्यांना उद्यानातली झाडं बघायला सांगा. ती खरी आहेत, हजारोंनी आहेत. त्यांच्यावरच्या किडीसाठी औषध फवारण्याऐवजी मॉलवाले ढालकिडे सोडतात, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. आपल्याकडे कपाशीवरचा मावा खाणारा मित्रकीटक तो हाच. शेती केलेल्या आजोबांना ही गोष्ट सांगा, मग तेच नातवंडांना पानापानावर ढालकिडा शोधायला लावतात.

सी लाइफ हे मत्स्यालय पहिल्या मजल्याच्याही खाली आहे. काचेच्या बोगद्यातून चालताना डोक्यावरून शार्क जातात. तिकीट वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढा आणि दुपारच्या सुस्तीची वेळ त्यासाठी ठेवा. अंधार, गारवा आणि शांतता असते.

आणखी एक नियम माहीत हवा. दुपारनंतर १६ वर्षांखालच्या मुलांसोबत २१ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती असावी लागते. एकोणीस वर्षांच्या आतेभावावर चौदा वर्षांच्या मुलीला सोपवून तुम्ही बाजूला झालात तर सुरक्षारक्षक अडवू शकतात. जोड्या करताना हे लक्षात ठेवा. आजी-आजोबा सोबत असले तर चालतं. त्यांच्याकडे ओळखपत्र असू द्या.

आई-बाबांना जपून

त्यांना वेगळं सोडा म्हणजे वाऱ्यावर सोडा असं नाही. त्यांच्यासाठी एक बाजू, एक मजला ठरवून द्या. बाक भरपूर आहेत. दोन तासांनी भेटायचं, त्याआधी कंटाळा आला तर फोन करायचा, इतकं पुरे. जवळ एक कार्ड आणि वीस-तीस डॉलर रोख द्या, म्हणजे कॉफी घ्यायलाही मुलाला विचारावं लागत नाही. परक्या देशात महिनाभर प्रत्येक गोष्टीसाठी मुलांवर अवलंबून राहिलेल्या माणसाला स्वतःच्या पैशाने नातवासाठी खेळणं घेण्यात किती आनंद असतो, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

व्हीलचेअर मॉलच्या गेस्ट सर्व्हिसेसकडे मिळते. "मला काय धाड भरलीय?" असं बाबा म्हणणारच. त्यांना सांगा की सकाळी चालायचं आणि संध्याकाळी खुर्ची. नाहीतर दुसऱ्या दिवशी परतीच्या प्रवासात गुडघे बोलतात. औषधं हॉटेलवर नकोत, सोबत हवीत. प्रवासी विम्याच्या कार्डाचा फोटो दोघा-तिघांच्या फोनमध्ये ठेवा. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ घड्याळाने पाळा, गर्दी बघून नाही.

जेवण

दोन मोठे फूड कोर्ट तिसऱ्या मजल्यावर आहेत, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. शनिवारी साडेबाराला टेबल मिळणं कठीण. साडेअकराला किंवा दोनला जेवा. एकाने टेबल धरायचं, बाकीच्यांनी आपापल्या आवडीचं आणायचं.

शाकाहारी मंडळींनी नुसतं 'व्हेजिटेरियन' विचारून थांबू नये. भाज्यांचं सूप चिकनच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं, भात चिकन स्टॉकमध्ये, राजम्यासारख्या घेवड्यात डुकराची चरबी, थाई नूडल्समध्ये फिश सॉस. थेट विचारा: चिकन स्टॉक आहे का, लार्ड आहे का, फिश सॉस आहे का, अंडं चालणार नसेल तर अंडं आहे का. मिनेसोटाचा खास वाइल्ड राइस हा सरोवरांत उगवणाऱ्या गवताचा काळसर दाणा. चवीला सुरेख, पण त्याच्या सुपात बहुतेक वेळा चिकन असतं. कोरडा दाणा पाकीटबंद मिळतो. घरी नेऊन त्याचा मसालेभात करून पाहा, छान लागतो.

संध्याकाळचं जेवण मात्र हॉटेलच्या खोलीवर करा, असं माझं मत आहे. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम होणारी खिचडी. दिवसभर विखुरलेली माणसं एका पलंगावर मांडी घालून बसतात, प्रत्येकाने काय पाहिलं ते सांगतात. वेगवेगळं फिरल्यामुळे सांगायला प्रत्येकाकडे वेगळं काहीतरी असतं.

खरेदी: काय घ्यावं, काय नको

मिनेसोटात कपडे आणि पादत्राणं यांवर विक्रीकर नाही. लहान बाळाच्या झबल्यापासून हिवाळी कोटापर्यंत सगळं करमुक्त. शिकागोहून येणाऱ्यांना, जिथे कर दहा टक्क्यांच्या वर आहे, हा फरक मोठा वाटेल. पण पर्स, घड्याळं, दागिने, खेळाचं खास सामान, इलेक्ट्रॉनिक वस्तू, खेळणी आणि तयार जेवण यांवर कर आहे, आणि ब्लूमिंग्टनमध्ये तो सुमारे ९ टक्के पडतो. म्हणून यादी करतानाच दोन भाग करा: कपडे-बूट इथे, बाकीचं शक्यतो आपल्या गावी, तिथला कर कमी असेल तर.

दुसरी गोष्ट: इथली बरीच दुकानं म्हणजे देशभर शाखा असलेल्या साखळ्या आहेत. तुमच्या गावात असलेल्या दुकानात इथे येऊन वेळ घालवू नका. जी गावात नाहीत ती आधी बघा. साखळी दुकानांचा फायदा एवढाच की न आवडलेली वस्तू बहुधा आपल्या गावच्या शाखेत परत करता येते, पावती सांभाळली तर. पावत्यांसाठी एक पाकीट ठेवा आणि प्रत्येक पावतीचा लगेच फोटो काढा. पातळ कागदावरची छपाई महिन्याभरात उडते.

नुसती स्वस्ताई हवी असेल तर ब्रँडेड बुटांसाठी मॉलपेक्षा जवळच्या ईगनमधलं ट्विन सिटीज प्रीमियम आउटलेट्स बरं. मॉलपासून गाडीने दहा-बारा मिनिटांवर आहे आणि कपड्यांवरची करमाफी तिथेही तीच.

भारतात नेण्यासाठी घेत असाल तर विजेवर चालणाऱ्या वस्तू नीट बघा. इथला दाब १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. चार्जरवर '१००–२४०' लिहिलेलं असेल तर चालतो. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, मिक्सर यांवर फक्त १२० लिहिलेलं असेल तर भारतात लावल्याक्षणी जळेल. आणि भाचरांसाठी बूट घेताना अमेरिकी मापाचा आकडा विचारू नका. पुण्या-नाशिकहून पाय कागदावर ठेवून काढलेली रेघ फोटोत मागवा, सोबत सेंटिमीटरमध्ये लांबी. बुटाच्या जिभेवर सेंटिमीटरचं माप बहुधा छापलेलं असतं, ते जुळवा. बूट खोक्याविना न्या. बॅगेत खोकं जागा खातं आणि बुटांच्या पोकळीत मोजे, चॉकलेटं सहज मावतात.

रविवार

रविवारी मॉलला फक्त दोन तास द्या, तेही शनिवारी फोटो काढून ठेवलेल्या वस्तू घेण्यापुरते. त्याआधीची सकाळ उघड्यावर घालवा, नाहीतर दोन दिवस छपराखालीच जातात. ब्लू लाइनने उत्तरेला गेलात तर '५० वा रस्ता-मिनेहाहा पार्क' स्थानकाजवळ मिनेहाहा धबधबा आहे. कडाक्याच्या थंडीत तो गोठून निळसर बर्फाची भिंत होतो. वरच्या कठड्यावरून बघा. खाली जायचा जिना हिवाळ्यात बंद असतो, अडसर ओलांडून जाणाऱ्यांच्या मागोमाग तुम्ही जाऊ नका.

परतीचा रस्ता कुठला, यावर पुढचं ठरवा. फार्गोकडे जाणाऱ्यांच्या वाटेवर, आय-९४ लगत मेपल ग्रोव्हमध्ये हिंदू टेंपल ऑफ मिनेसोटा आहे. अनेक देवतांची छोटी छोटी मंदिरं एकाच भव्य छताखाली आहेत. आई-बाबांसाठी हा थांबा ठेवाच, अमेरिकेतल्या सहलीत त्यांना याचीच ओढ असते. दर्शनाच्या आणि प्रसादाच्या वेळा आधी बघून घ्या, दुपारी मंदिर काही वेळ बंद असू शकतं. आयोवाकडे जाणाऱ्यांना आय-३५ वर फॅरिबो गाव लागतं. तिथली लोकरी पांघरुणांची गिरणी १८६५ पासून आहे आणि गिरणीचं स्वतःचं दुकान आहे. महाग असतात, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. दुकान रविवारी किती वाजेपर्यंत उघडं आहे ते मॉलमधून निघण्याआधीच फोन करून विचारा.

हिवाळ्यात साडेचार-पाचला अंधार पडतो. तीन-साडेतीन तासांचा प्रवास उजेडात संपवायचा असेल तर एकच्या आत निघायला हवं. तेव्हा लॉकर बाराला रिकामे करा, कोट मोजा, हातमोज्यांच्या जोड्या मोजा, गाडीत पेट्रोल भरा आणि राहिलेल्या पुऱ्या मागच्या सीटवर हाताशी ठेवा.